अडीच वर्षांचं शिंगरू आणि शिकवणारी मी नवखी: मदत हवी आहे

नवखी_स्वार

नमस्कार. जरा लांबलचक लिहिणार आहे. सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नेमका सल्ला देता येणार नाही.

सहा वर्षं रपेट करतेय, पण सगळी तयार घोड्यांवर. टाच लावली की पुढे, लगाम उचलला की थांब. हे त्यांना कुणीतरी आधी शिकवून ठेवलं होतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. आता माझ्याकडे पारा आहे. अडीच वर्षांचा, खच्ची केलेला, मोकळ्यावर कळपात वाढलेला. मोरकी (डोक्यात अडकवायचे पट्टे, त्यालाच दोरी लावतात) घालून घ्यायचा, खूर उचलू द्यायचा, बाकी पाटी कोरी.

पहिला आठवडा छान गेला. आता तीन आठवडे झालेत आणि रोज काहीतरी बिघडतंय. मोरकी हातात दिसली की मान पलीकडे वळवतो. दोरी धरून निघालं की एकतर खांबासारखा उभा, नाहीतर माझ्या खांद्यावर चढत पुढे. काल माझ्या पायावर पाय दिला, मी ढकललं तर कोपराला दात लावले. मला राग आला, दोरी जोरात हिसडली. तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला, माझ्या हातून दोरी सुटली आणि तो उधळला. अर्ध्या तासाने सापडला. त्याला काही लागलेलं नाही, पण मला रात्रभर झोप नाही.

हे तो मुद्दाम करतोय का? आधी गोल फिरवून दमवा, मग शिकवा, असं मला सांगितलं गेलंय. ते बरोबर आहे का? आणि पाठीवर कधी बसायचं?

पागेतला

ताई, आधी एकच विचारतो. दोरी सुटली ती नेमकी कधी? तो वर असताना की खाली आल्यावर?

नवखी_स्वार

वर असतानाच. खूर डोक्याजवळ आले म्हणून मी मागे सरले.

पागेतला

मागे सरलात ते योग्यच केलंत. पण आता त्याच्या बाजूने बघा. तोंडावर जोरात ताण आला, त्याने पुढचं अंग उचललं, आणि ताण गेला. त्याच्या हिशेबी काल एक उपाय सापडला. उद्या ताण आला की तो हाच उपाय करून बघणार. ह्यात खोडसाळपणा नाही, सूड नाही.

मी तीसेक वर्षं कोवळ्या घोड्यांबरोबर काम करतोय आणि मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हीच, की घोडा ओढण्यातून शिकत नाही, सोडण्यातून शिकतो. ओढणं हा प्रश्न असतो. सोडणं हे उत्तर. तुम्ही ज्या क्षणी सोडता, त्या क्षणी तो जे करत असेल ते त्याच्या लेखी बरोबर. एक-दोन सेकंद उशीर झाला तरी तोवर त्याने मान हलवलेली असते, पाय बदललेला असतो, आणि शिकवण भलत्याच गोष्टीला चिकटते.

म्हणून आता आठवडाभर चालवायचं नाही. फक्त एक पाऊल मागायचं. खांद्याजवळ उभ्या राहा, तोंड त्याच्याच दिशेला. दोरीवर ताण घ्या, पण इतकाच की तुमची करंगळी दुखणार नाही. सरळ पुढे ओढू नका. समोरून ओढलं की घोडा उलट मागे रेटतो, तो त्याचा स्वभावच आहे. थोडं बाजूला ओढा, म्हणजे तोल सांभाळायला त्याला पाय हलवावाच लागतो. ताण वाढवू नका, कमीही करू नका, धरून ठेवा. कधी वीस सेकंद लागतील, कधी दोन मिनिटं. मग वजन जरासं पुढे झुकेल. पाऊल नाही, नुसतं वजन. तेवढ्यावर दोरी पूर्ण सैल. थांबा, श्वास घ्या, पुन्हा मागा. दहा-बारा वेळा झालं की त्या दिवसाचं काम संपलं, मग अजून कितीही उत्साह असला तरी.

आणि हो, दोरी किती लांब आहे? साडेतीन-चार मीटर हवी, म्हणजे तो उठला तरी तुम्ही लांब राहून टोक धरू शकता. हातात मोजे, डोक्यावर हेल्मेट, जमिनीवर काम करतानासुद्धा. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही. बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

मांडपक्की

वरचं सगळं ठीक आहे, पण चावण्याबद्दल कुणी बोललं नाही. मला स्पष्ट बोलायचंय. बाटलीच्या दुधावर वाढवलेलं एक शिंगरू माझ्याकडे होतं. सगळ्यांनी लाड केले, खिशात तोंड घालायला दिलं. तीन वर्षांचं झाल्यावर त्याने मला भिंतीशी दाबलं आणि दोन बरगड्या मोडल्या. त्याला माणसाचं भयही नव्हतं आणि अंतरही माहीत नव्हतं. कळपातली जाणती घोडी असल्या पोराला एका लाथेत जागेवर बसवते. आपण तेवढं कडक व्हायला काय हरकत आहे? चावला की तिथल्या तिथे एक ठेवून द्यायची.

पशुवैद्य_ताई

बरगड्यांचं वाचून वाईट वाटलं. माणसाच्या हातावर वाढलेल्या शिंगरांचा हा धोका खरा आहे, आणि अंतराचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. फटक्याचा पटत नाही. तोंडाजवळ हात उगारला की घोडा चावणं सोडत नाही, चावून झटकन डोकं मागे घ्यायला शिकतो. पुढे मोरकी घालताना, कान साफ करताना, औषध पाजताना तेच डोकं छताला लागतं.

पण मला धागा वाचताना वेगळंच खटकलं. पहिल्या आठवड्यात मोरकी घालून घेणारा आता मोरकी बघून मान वळवतो. वय अडीच. आधी त्याचे दात बघा.

घोड्याला दुधाचे 24 दात असतात आणि साधारण अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान ते सगळे पडतात. अडीचच्या सुमाराला मधले पटाशीचे दात आणि दाढांपैकी पहिल्या दोन, साडेतीन-चारला तिसरी दाढ आणि पटाशीची पुढची जोडी, साडेचारला कडेचे. दाढेवरचं दुधाचं टोपण, म्हणजे दुधाच्या दाढेचा उरलेला भाग, कधीकधी अर्धवट सुटतं आणि हिरडीत रुतून राहतं. शिवाय वरच्या दाढांची बाहेरची कड झिजून धारदार होते आणि मोरकीचा पट्टा घट्ट असेल तर गाल त्या धारेवर दाबला जातो. खालच्या जबड्याच्या हाडावर गाठी लागतात का, हात फिरवून बघा. ह्या वयात त्या बहुधा मुळांच्या वाढीमुळे येतात आणि बऱ्याचदा आपोआप जातात, पण तोंडात उलथापालथ चालू आहे हे त्यावरून कळतं. लगामाची कडी तोंडात घालण्याआधी पहिल्या दाढेच्या पुढे असणारा बारीक ‘लांडगा दात’ आहे का तेही तपासून घ्या. सगळ्यांना तो नसतो.

पाठीवर कधी, ह्याचंही उत्तर देते. हाडांची वाढीची टोकं खालून वर बंद होत जातात. खुराजवळची पहिल्या वर्षात, गुडघ्याच्या वरची साधारण अडीच वर्षांच्या आसपास, आणि पाठीच्या मणक्यांची सगळ्यात शेवटी, पाच ते सहा वर्षांच्या सुमाराला. म्हणजे आपण बसतो तीच जागा सर्वांत उशिरा पक्की होते. सहा वर्षं थांबा असं मी म्हणत नाही. हलका व्यायाम कोवळ्या हाडांना चांगलाच असतो, नुसतं बांधून ठेवलेलं पोर उलट कमकुवत राहतं. पण साडेतीनच्या आधी घाई नको, आणि चार-साडेचारपर्यंत बसलं तरी आठवड्यातून दोन-तीनदा, पंधरा-वीस मिनिटं, सरळ रेषेत, चालीवर, म्हणजे नुसतं संथ चालत.

दमवण्यासाठी गोल फिरवणं अजिबात नको. लहान वर्तुळात प्रत्येक पावलाला सांध्यांवर तिरका भार पडतो. दमलेला घोडा शिकलेला नसतो, दमलेला असतो. आणि रोज दमवत गेलात तर महिन्याभरात त्याचा दम वाढेल, मग दमवायला दुप्पट वेळ लागेल.

कानटवकार

पशुवैद्य ताईंना +१. दृष्टीबद्दल थोडी भर घालतो, कारण ‘मुद्दाम करतो’ असं वाटण्यामागे पुष्कळदा हेच असतं.

घोड्याचे डोळे बाजूला असतात. दोन्ही मिळून त्याला जवळजवळ 350 अंशांतलं दिसतं, पण दोन्ही डोळ्यांनी एकत्र दिसणारा समोरचा पट्टा साधारण 65 अंशांचाच. कपाळाच्या अगदी समोर, नाकाखाली आणि शेपटीच्या मागे त्याला दिसत नाही. समोरून सरळ कपाळाकडे गेलेला हात शेवटच्या क्षणी अदृश्य होतो, म्हणून तो डोकं उचलतो. मान आणि खांद्याच्या बाजूने जा. तांबडा आणि हिरवा त्याला वेगळे ओळखता येत नाहीत, निळा-पिवळा येतात. उजेडातून अंधारात जाताना त्याच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, तेव्हा तबेल्याच्या दारात थबकला तर थोडं थांबू द्या.

डाव्या डोळ्याने पाहिलेलं उजव्या बाजूला कळतच नाही, असं म्हणतात ना, म्हणून सगळं दोन्ही बाजूंनी शिकवावं लागतं.

पशुवैद्य_ताई

@कानटवकार, शेवटचं वाक्य सोडून सगळ्याला अनुमोदन. मेंदूच्या दोन बाजू घोड्यातही जोडलेल्या असतात, आणि एका डोळ्याने शिकलेली खूण दुसऱ्या डोळ्याने ओळखता येते हे प्रयोगांत दिसलंय. पण दोन्ही बाजूंनी शिकवा हा सल्ला तरीही खरा. तीच वस्तू दुसऱ्या बाजूने वेगळी दिसते, आणि उजवीकडून चढणारं माणूस त्याने कधी पाहिलेलंच नसतं.

कानटवकार

मान्य. इतकी वर्षं ऐकत आलो म्हणून लिहिलं, दुरुस्तीबद्दल आभार.

अवांतर: शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा खुराने टाप मारून गणितं सोडवायचा. 1907 साली ऑस्कर फुंग्स्ट ह्या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की त्याला गणित येत नव्हतं. टापांचा आकडा उत्तरापर्यंत पोचला की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, अंग सैलावायचं, आणि घोडा तिथे थांबायचा. विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसलं की हान्सलाही ते येत नसे. त्यामुळे ताई, तुम्ही घाबरलात किंवा चिडलात तर ते पाऱ्याला दोरीतून कळायच्या आधी तुमच्या खांद्यांतून कळलेलं असतं.

मांडपक्की

फटक्याचं मागे घेतो. अंतराचं घेणार नाही. ते शिकवायचं कसं तेवढं कुणीतरी सांगा, नाहीतर नवीन माणूस नुसता मऊ वागून मार खाईल.

पागेतला

बरोबर विचारलंत. माझी पद्धत सांगतो. हात लांब केला की जेवढी जागा होते ती माझी. घोडा बोलावल्याशिवाय त्यात आला की मी मागे सरत नाही, त्याला मागे पाठवतो. दोरीचं टोक माझ्यासमोर डावी-उजवी हलवायला लागतो, आधी हळू, मग जास्त. त्याला लागत नाही, पण तिथे उभं राहणं नकोसं होतं. एक पाऊल मागे गेला की लगेच थांबतो. दिवसातून पन्नास वेळा करावं लागलं तरी पन्नासही वेळा करायचं. सकाळी पायावर चढू दिलं आणि संध्याकाळी रागावलं, तर त्याला काहीच समजत नाही.

चावायची वेळच येऊ न देणं हा चावण्यावरचा उपाय. तोंडाशी खेळायचं नाही, हातातून काही भरवायचं नाही. कौतुक करायचं तर आयाळ संपते तिथल्या उंच जागेवर खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके हळू होतात. मानेवर थापट्या मारण्यात कौतुक वाटतं ते आपल्याला.

नवखी_स्वार

(तीन आठवड्यांनी) तोंड तपासून घेतलं. डावीकडच्या दाढेचं टोपण अर्धवट सुटून हिरडीत टोचत होतं, गालाच्या आत जखम. ते काढलं, कडा घासून दिल्या. मोरकीचा पट्टा दोन छिद्रं सैल केला. पाचव्या दिवशी मोरकी दाखवली तर त्याने आपणहून नाक आत घातलं. मी तिथेच बसून रडले. त्याला दुखत होतं आणि मी दोरी हिसडत होते.

एक पाऊल मागायचं काम रोज दहा मिनिटं केलं. पहिल्या दिवशी पहिलं पाऊल यायला चार मिनिटं लागली. आता ताण घेण्याआधीच, मी पोटातून श्वास घेऊन वजन पुढे टाकलं की तो निघतो.

पागेतला

हेच हवं होतं. आता लांब लगाम. दोन लांब दोऱ्या मोरकीच्या दोन्ही कड्यांना लावून मागून, पण लाथेच्या टप्प्याबाहेर राहून चालायचं. पहिल्या वेळी कुणीतरी डोक्याशी असू द्या. पाठीवर वजन नसताना वळणं, थांबणं, पुढे निघणं सगळं शिकून होतं. शिवाय समोर माणूस नसताना जगाकडे एकट्याने बघायला तो शिकतो. माझ्या मते स्वार बसण्याआधी ह्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

नवखी_स्वार

(चार महिन्यांनी) धागा वर काढतेय, कारण चूक झाली आहे.

लांब लगामावर पारा सुंदर चालतो. जाड कापड, मग झूल पाठीवर टाकून झाली, ढिम्म उभा राहिला. म्हणून काल खोगीर ठेवलं आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एकदम आवळला. तीन पावलं चालला, मग पाठीची कमान करून मैदानभर उड्या. खोगीर पोटाखाली फिरलं आणि तो आणखी भ्यायला. दोरीने धरून शांत करायला वीस मिनिटं गेली. आज खोगीर बघून थरथरतो. चार महिन्यांचं काम वाया गेलं का?

पागेतला

वाया गेलेलं नाही. पण खोगीर महिनाभर विसरा.

ढिम्म उभा होता म्हणालात, ते मला आवडलं नाही. कान कुठे होते? श्वास चालू होता का? जबडा घट्ट होता का? घाबरून थिजलेला घोडा आणि शांत घोडा लांबून सारखेच दिसतात. शांत घोडा डोळे मिटतो-उघडतो, ओठ सैल सोडतो, एखादा मागचा पाय आरामात टेकवतो. थिजलेला नुसता वाट बघतो आणि मग एकदम फुटतो.

आता एक रुंद मऊ पट्टा घ्या. तो नुसता पाठीवर ठेवायचा आणि त्याने श्वास सोडला की काढायचा. तो काढणं हेच बक्षीस. मग पोटाखालून हाताने दोन्ही टोकं जुळवायची आणि सोडायची. मग थोडं जास्त वेळ. मग सैल बांधून दहा पावलं, पुन्हा एक छिद्र. पायरी चुकली असं वाटलं तर खालच्या पायरीवर या, तिथे दोन दिवस राहा.

पशुवैद्य_ताई

पाठ आणि छातीखाली बोटं फिरवून दुखरी जागा आहे का बघा, काल ताणलं असेल. खोगीर त्याच्या मापाचं आहे ना? ह्या वयात पाठ दर दोन-तीन महिन्यांनी आकार बदलते.

वजनाचा अंदाजही घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले 11,880. उत्तर किलोत येतं. स्वार आणि सामान मिळून त्याच्या 20 टक्क्यांच्या वर जाऊ नये, कोवळ्या घोड्याला 15 च्या जवळ असलेलं उत्तम.

नवखी_स्वार

घेर 158, लांबी 142. म्हणजे 298 किलो. मी 62, खोगीर 9. हे जवळजवळ 24 टक्के होतात. म्हणजे आत्ता मी बसायचंच नाही. बरं झालं विचारलं.

मांडपक्की

माझी भाची 40 किलोची आहे, उत्तम बसते. वेळ येईल तेव्हा तुमच्या ओळखीतलं असंच कुणीतरी हलकं, पण अनुभवी माणूस शोधा. नवखा घोडा आणि नवखा स्वार ही जोडी नको. तुम्ही डोक्याशी उभ्या राहा, तो तुम्हाला ओळखतो.

नवखी_स्वार

(दीड वर्षाने) पारा चार वर्षांचा झाला. घेर भरला, वजन 375 च्या आसपास आहे.

खोगीर परत पाठीवर जायला सात आठवडे लागले. त्यानंतर सहा दिवस एक हलकी, अनुभवी मैत्रीण नुसती शेजारच्या ओट्यावर चढून त्याच्यावर वाकत होती. मग पोटावर आडवी, दोन श्वास, आणि खाली. दोन्ही बाजूंनी. नवव्या दिवशी पाय पलीकडे टाकून बसली. मी डोक्याशी होते. त्याने एक कान माझ्याकडे ठेवला, एक मागे तिच्याकडे, आणि मोठा सुस्कारा सोडला. आम्ही बारा पावलं चाललो आणि तिला उतरवलं.

नंतरचे पाच महिने तीच बसली, नेहमी चालीवर. गेल्या महिन्यापासून मी बसते, आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं. सगळं सामान धरून 19 टक्के होतंय, म्हणून अजून दुडकी नाही. टाचही लावावी लागत नाही. तो श्वासावरच निघतो, जसा दोरीवर निघायचा.

पहिलंच_शिंगरू

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझ्याकडे चौदा महिन्यांची घोडी आहे. डावा मागचा खूर उचलायला गेलं की लाथ झाडते, बाकी तीन पाय देते. महिनाभर हेच चाललंय. खूप भीती वाटते आता तिच्या मागे जायला.

नवखी_स्वार

मागे जाऊ नका. फक्त तोच पाय देत नसेल तर आधी त्या पायात, कमरेत दुखणं आहे का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. तोवर खुराला हात नको. एक सांगा, ती लाथ झाडते तेव्हा तुमचा हात पायावरून कधी निघतो? पाय हवेत असताना की खाली टेकल्यावर?